शिसपेन्सिलीत शिसे नसते

‘उमेदवारी’ हा आपल्या मराठीतला एक फार छान शब्द. आता तो निवडणुकीच्या अर्जापुरता उरला आहे. पण एके काळी शिंप्याच्या दुकानात काजे करणारा पोरगा, छापखान्यात खिळे जुळवायला शिकणारा मुलगा, वकिलाच्या कचेरीत कागदपत्रे लावणारा तरुण हे सगळे उमेदवारी करीत. पगार नसे, असला तर नावापुरता. चहा आणायचा, दुकान झाडायचे आणि बघत बघत काम उचलायचे. उद्या आपलेही दुकान होईल, ही उमेद त्या शब्दाच्या पोटातच असे. आजची मुले ‘इंटर्नशिप’ करतात. शब्द बदलला, खुर्ची आली, समोर संगणक आला. पण नवशिक्याच्या पोटातली धाकधूक काही बदललेली नाही.

आमच्या शेजारची एक मुलगी गेल्या वर्षी अशी उमेदवारी करीत होती. पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा केलेली, वय बावीस. पर्यावरणाचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर काम करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत तिला सहा महिने मिळाले होते आणि विभाग होता ‘कम्युनिकेशन्स’. घरात कोणालाच याचा नीट अर्थ लागेना. शेवटी तिच्या आजीने सरळ विचारले, ‘‘म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?’’ ती म्हणाली, ‘‘शास्त्रज्ञांनी जे शोधलंय ते लोकांना सांगते.’’ आजी म्हणाली, ‘‘मग ते त्यांना स्वतःला सांगता येत नाही होय?’’

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती समोरच्याला कळेल अशी सांगणे यांत केवढे अंतर असते, ते मी दोन्हीकडून पाहिले आहे. काउंटरपलीकडचा माणूस न समजलेल्या अटीला मान डोलावतो आणि दाखवाल तिथे अंगठा उठवतो. त्याला समजले नाही हे तो सांगत नाही. समजले का, हे सहसा आपणही विचारीत नाही. कर्जाच्या बाबतीत हे चालून जाते असे नाही. पण विषाच्या बाबतीत तर मुळीच चालत नाही.

तिला काम मिळाले होते एका घडीपत्रकाचे. विषय होता शिसे. वस्तीतल्या आयांना वाटायचे, अंगणवाडीत लावायचे, एका कागदात सगळे बसवायचे. ‘‘काका, तुम्ही लिहिता ना, जरा मराठी बघून द्या,’’ म्हणून ती कागद घेऊन आली, आणि त्या निमित्ताने मीही या विषयात शिरलो.

शिसे हा धातू मोठा लबाड आहे. ते पोटात गेल्याचे वरून काही दिसत नाही. मुलाला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल खेळते, जेवते, शाळेत जाते. फक्त त्याचे लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही, चिडचीड वाढते. आई म्हणते हट्टी आहे, मास्तर म्हणतात ढ आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढे शिसे शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषले जाते, आणि जेवणात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातला अंदाज असा, की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात चिंता करण्याजोगे शिसे आहे. अशी मुले ऐंशी कोटींपर्यंत असतील आणि त्यांतली सत्तावीस कोटींहून अधिक भारतातली.

हे आकडे वाचून कुणीही हबकेल. पण हबकणे आणि समजणे या निराळ्या गोष्टी आहेत. सांगण्याने खरोखर काय होते, हे पाहायचे तर बांगलादेशातली हळदीची हकिकत ऐकावी. ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तात तिथे शिसे आढळले. आसपास कारखाना नाही, रहदारी नाही. मग आले कुठून? अमेरिकेतले स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची ‘आयसीडीडीआर,बी’ ही जलसंजीवनीच्या कामासाठी नावाजलेली संस्था, यांच्या संशोधकांनी घरातल्या एकेका वस्तूची झडती घेतली आणि माग लागला तो हळदीच्या डब्यापर्यंत. १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या पुरात हळकुंडे भिजली, वाळवूनही काळपट राहिली. गिऱ्हाइकाला तर हळद पिवळीधमक हवी. बंगालीत हळद आणि पिवळा रंग या दोहोंना एकच शब्द आहे, ‘होलुद’. मग हळकुंडांना चकाकी देताना त्यांवर एक पिवळी पूड टाकायची युक्ती निघाली. ही पूड म्हणजे लेड क्रोमेट, खेळण्यांच्या आणि फर्निचरच्या रंगात वापरतात ते शिशाचे संयुग. तिथल्या बाजारात तिला ‘पिउरी’ म्हणतात. आपल्याकडे भिंतींना लावायच्या पिवळ्या मातीला ‘पिवडी’ म्हणत. शब्द सख्ख्या बहिणींसारखे आहेत, वस्तू मात्र वेगळ्या.

संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते नियतकालिकातच राहिले असते तर आणखी वीस वर्षे हळद तशीच विकली गेली असती. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. ते अन्नसुरक्षा खात्याकडे गेले, वर्तमानपत्रांकडे गेले. हळदीत शिसे मिसळणे हा गुन्हा आहे, असे बजावणारी हजारो पत्रके बाजारपेठांत लागली. ढाक्याच्या श्यामबाजारात अधिकाऱ्यांनी हातात धरायचे तपासणी यंत्र नेऊन पत्रकारांसमक्ष माल तपासला आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. ती बातमी देशभर गेली. परिणाम असा, की २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते, ते प्रमाण २०२१ पर्यंत शून्यावर आले. गिरण्यांत काम करणाऱ्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले. नवा शोध नाही, महागडे औषध नाही. ठाऊक असलेली गोष्ट योग्य माणसांपर्यंत, त्यांना कळेल अशा शब्दांत पोचवली आणि तिच्यामागे कायद्याचा हात उभा केला, एवढेच. आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर हे आहे.

साहजिकच आमच्या उमेदवाराच्या पहिल्या मसुद्याचे शीर्षक होते, ‘तुमच्या हळदीत विष?’ शेवटी प्रश्नचिन्ह. वर्तमानपत्रांच्या संगतीने मुले हे प्रश्नचिन्ह लवकर शिकतात. मी तिला विचारले, ‘‘हे कोणत्या हळदीबद्दल? सांगलीच्या की ढाक्याच्या?’’ नोकरीची तीन वर्षे मी सांगली जिल्ह्यात होतो. हळदीला पीककर्ज दिले की वसुलीसाठी वर्षभर धीर धरावा लागतो. लावल्यापासून काढणीपर्यंत सात ते नऊ महिने पीक शेतात असते, मग शिजवणे, वाळवणे, चकाकी देणे. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या तेवीस शहरांतून घेतलेल्या नमुन्यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चौदा टक्के नमुन्यांत दशलक्षात दोन भागांहून अधिक शिसे होते आणि काही थोड्या शहरांत, त्यांत आपल्याकडचे पाटणा, ते फारच जास्त होते. म्हणजे प्रश्न खरा आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. ढाक्याचे आकडे दाखवून पुण्यातल्या बाईला घाबरवायचे आणि त्याची शिक्षा सांगलीच्या किंवा हिंगोलीच्या शेतकऱ्याने भोगायची, हा न्याय कुठला? तिने प्रश्नचिन्हासकट शीर्षक खोडले. जे ठाऊक आहे तेवढेच आणि ते जिथले आहे तिथलेच सांगायचे, हा या उमेदवारीतला पहिला धडा.

दुसरा धडा आकड्यांचा. तिच्या मसुद्यात ‘पीपीएम’ होते, ‘मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर’ होते. वस्तीतल्या बाईने याचे काय करायचे? इथे माझी बँक कामी आली. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. दशलक्ष पैसे म्हणजे दहा हजार रुपये. तेव्हा एक पीपीएम म्हणजे दहा हजार रुपयांत एक पैसा! आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत हळदीतल्या शिशाची मर्यादा दहा पीपीएम आहे, म्हणजे दहा हजार रुपयांत दहा पैसे. घरगुती रंगांसाठी २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याची मर्यादा नव्वद पीपीएम, म्हणजे दहा हजारांत नव्वद पैसे. आणि रक्तातले शिसे? डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम झाले, की ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा हिशोब केला तर तो साधारण एक कोटी रुपयांत आठ आणे येतो. बँकेत दिवसअखेर आठ आण्यांचा फरक लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत डोके धरून बसलेले कारकून मी पाहिले आहेत. लोकांना ते वेड वाटे. मुलाच्या मेंदूचा हिशोब असाच काटेकोर असतो, तिथेही आठ आण्यांचा फरक चालत नाही. ही तुलना ऐकून ती खूष झाली. पण पत्रकात तिने फक्त ‘चिमटीपेक्षाही कमी शिसे मुलाला बाधते’ एवढेच ठेवले, आणि ते बरोबरच केले. माझी तुलना माझ्यासारख्यांसाठी ठीक आहे.

या साध्या सांगण्याला कमीपणाचे काम समजणाऱ्यांनी रेचेल कार्सनची आठवण ठेवावी. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराबद्दल जगाला जागे करणारे तिचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ सालचे. पण तिची सुरुवात झाली ती १९३५ मध्ये, अमेरिकन सरकारच्या मत्स्य खात्यात, रेडिओसाठी छोट्या छोट्या श्रुतिका लिहिण्यापासून. सात-सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम, विषय समुद्रातले जीव. अर्धवेळ, तात्पुरते काम. आजच्या भाषेत इंटर्नशिपच. ते करताना खात्याच्या एका माहितीपत्रकासाठी तिने प्रस्तावना लिहिली. वरिष्ठांनी ती वाचून सांगितले, की ही आपल्या पत्रकात शोभणार नाही, हिला मासिकाकडे पाठवा. तो लेख १९३७ साली ‘अटलांटिक मंथली’त आला आणि एक लेखिका उभी राहिली. पुढे अनेक वर्षे ती सरकारी पत्रकांचे संपादन करीत राहिली. ‘सायलेंट स्प्रिंग’वर रासायनिक उद्योगाने तुटून पडायचे ठरवले, तेव्हा पुस्तकाच्या शेवटी आधारांची पन्नासाहून अधिक पाने उभी होती. साधे लिहिणे आणि सैल लिहिणे यांतला फरक तिने त्या खात्यातल्या टेबलावर गिरवला होता. आपल्याकडे अनिल अवचटांनी निपाणीच्या विडी-तंबाखू कामगारांबद्दल लिहिले तेही असेच. अवघड शब्द एकही नाही आणि वाचणाऱ्याला घास गिळवत नाही.

तर पत्रकाचा मसुदा तयार झाला आणि अंगणवाडीत आयांपुढे वाचायचे ठरले. संस्थेची ही पद्धत मला फार आवडली. छापण्याआधी ज्यांच्यासाठी छापायचे त्यांना वाचून दाखवायचे. मीही मागे खुर्ची टाकून बसलो. पहिल्या परिच्छेदालाच एका बाईंनी विचारले, ‘‘शिसं म्हणजे शिसपेन्सिलीतलं का हो? आमचा बारका तर दिवसभर पेन्सिल चावतो.’’ दुसरी म्हणाली, ‘‘माझी पण.’’ सगळ्यांचे चेहरे उतरले. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचे भावंड. काही शतकांपूर्वी लोकांनी त्याला शिसे समजून नाव दिले आणि ते भाषेला चिकटले. इंग्रजीत चिकटले तसे मराठीतही. कुठल्याही अहवालात हे लिहिलेले नसते, कारण अहवाल लिहिणाऱ्याला ही शंकाच येत नाही. आणि ज्या वस्तूच्या नावात शिसे नाही पण पोटात आहे, ती आपल्या देवघरात असते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. हे ऐकल्यावर एक आजी घुश्शातच म्हणाल्या, ‘‘मग मारुतीला काय लावायचं?’’ आमच्या उमेदवाराने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘मारुतीला लावा आजी. नंतर हात धुवा, आणि बाळाच्या कपाळाला मात्र नको.’’ आजींना ते पटले. भाषांतराच्या कोणत्या वर्गात हे शिकवतात?

पण त्या दिवशीचा खरा प्रश्न शेवटी आला. कडेवर मूल घेतलेली एक तरुण आई म्हणाली, ‘‘ताई, सगळं समजलं. पण मग मी करू काय?’’ तिचा नवरा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामावर होता. शिशाची धूळ त्याच्या कपड्यांवरून घरात येत होती. ते काम सोड, असे पत्रक सांगू शकत नव्हते. दुसरे काम पत्रक देणार नव्हते.

पर्यावरण आणि आरोग्याच्या प्रत्येक प्रचाराला हा प्रश्न कधी ना कधी गाठतो आणि बहुतेक पत्रके तिथेच पळ काढतात. धोका सांगायचा आणि खाली लिहायचे, ‘काळजी घ्या’. म्हणजे कारखान्याचे, व्यापाऱ्याचे, सरकारचे ओझे अलगद आईच्या डोक्यावर. आमच्या उमेदवाराने रात्रभर जागून पत्रक नव्याने मांडले. तीन रकाने केले. पहिला, ‘घरी आपण काय करू शकतो’: जेवणाआधी मुलांचे हात धुणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसणे, बॅटरीच्या किंवा रंगाच्या कामावरून आलेले कपडे बाहेर काढून वेगळे धुणे, पोपडे निघालेल्या जुन्या रंगापासून मुलांना लांब ठेवणे, जेवणात लोह आणि कॅल्शियम म्हणजे नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, दूध. दुसरा रकाना, ‘दुकानात काय विचारायचे’: रंगाच्या डब्यावर शिशाची मर्यादा छापली आहे का. तिसरा, ‘हे आपले काम नाही, हे त्यांचे’: बॅटऱ्या फोडण्याची जागा वस्तीपासून दूर असणे, कामगाराला कामावर अंघोळीची सोय असणे, हळदीची आणि रंगांची नियमित तपासणी होणे, आणि तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता. जमा-नावेचे रकाने लिहिण्यात आयुष्य गेलेल्या मला हा तिसरा रकाना फार मोलाचा वाटला. कोणाचे देणे कोणाच्या नावे पडले आहे, हे हिशोबात स्पष्ट दिसले पाहिजे.

पहिल्या रकान्यात एक ओळ नव्हती, आणि ती का नव्हती हेही सांगण्यासारखे आहे. ‘पूड घेऊ नका, हळकुंडे आणून दळून घ्या’ हा सल्ला आपल्या तोंडी बसलेला आहे आणि सोपाही आहे. पण बांगलादेशात रंग लावला जात होता तो हळकुंडांवरच! तेव्हा या बाबतीत तो सल्ला खात्रीचा नाही. पेल्यातल्या पाण्यात हळद टाकून बघण्याच्या युक्तीने शिशाचे माप कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. सोपे ते खरे असतेच असे नाही. चांगली ओळ हाताशी असून ती खोडणे हे लेखकाला किती जड जाते, ते मी जाणतो.

सांगण्याची कला फक्त भल्यांच्या हाती असते असेही समजू नये. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले की इंजिन ठोके देत नाही, हे १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीने शोधले. शिसे विषारी आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. म्हणून विक्रीसाठी नाव ठेवले ‘एथिल’. जाहिरातीत शिशाचे नाव नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तेव्हा मिजलीने पत्रकारांपुढे त्या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि त्याचा वासही घेऊन दाखवला. १९२५ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी परोपरीने धोका सांगितला. पण हात धुण्याचे नाटक अधिक चालले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली ती फेब्रुवारी २००० मध्ये, आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली थांबला. एका चतुर नावाची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षे मोजली. एक चांगले नाव जर इतका काळ खरे झाकू शकते, तर खरे सांगणाऱ्यानेही शब्दांवर तितकीच मेहनत घेतली पाहिजे.

आणि चित्रांवरही. संस्थेच्या अहवालासाठी एक छायाचित्र हवे होते. बॅटऱ्यांच्या ढिगाजवळ उभे असलेले मूल, असे कुणीतरी सुचवले. देणग्या अशा चित्रांनी येतात, हे व्यवहाराने खोटे नाही. मुलगी कॅमेरा घेऊन त्या घरी गेली. आईने हो म्हटले आणि मग हळूच विचारले, ‘‘फोटो छापून आला की यांचं काम बंद होईल का?’’ मुलीने कॅमेरा पिशवीत ठेवला. जपानच्या मिनामाटा गावाचे उदाहरण मला आठवले. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे तिथे पसरलेला आजार १९५६ मध्ये अधिकृतरीत्या उघडकीला आला. युजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराने आजारी मुलीला अंघोळ घालणाऱ्या आईचे छायाचित्र घेतले. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जग हादरले. मुलगी १९७७ मध्ये गेली. चित्र मात्र जगभर फिरत राहिले. आपल्या लेकीला आता विसावा मिळावा, असे आईवडिलांना वाटू लागले. तेव्हा स्मिथची पत्नी आणि सहकारी आयलीन हिने १९९८ मध्ये त्या चित्राबद्दलचा निर्णय त्यांच्या हाती दिला. ज्या चित्राने एवढे काम केले, तेही शेवटी कोणाचे? आमच्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी दाराबाहेर खिळ्याला टांगलेला कामाचा सदरा टिपला. धुळीने राखाडी झालेला, शेजारी बादली. पत्रकावर तोच छापला आहे. ‘कामाचे कपडे बाहेर’ हे सांगायला दुसरे शब्द लागले नाहीत.

एक गोष्ट मात्र टोचते. तिला महिन्याला मिळत होते ते प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण यांतच संपे. तिच्या घरी चालून गेले. पण हे काम त्या अंगणवाडीतल्या एखाद्या मुलीने करायचे म्हटले तर? पेन्सिलीची शंका तिला अहवाल वाचताच आली असती. शेंदराचे उत्तर तिला घरातूनच ठाऊक असते. आम्ही बँकेत लागलो तेव्हा शिकाऊ असतानाही पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार हातात पडत असे, म्हणून माझ्यासारखी खेड्यातली मुले शहरात टिकली. फुकट उमेदवारी ज्यांना परवडते तेच उद्या गरिबांच्या वतीने बोलणार असतील, तर संस्थांनी आणि त्यांना देणग्या देणाऱ्यांनी या खर्चाचा विचार केला पाहिजे. देणगीच्या अर्जात ‘मुलांच्या मानधनासाठी’ असा एक रकाना का असू नये?

सहा महिने संपले. पत्रक चार अंगणवाड्यांच्या भिंतींवर लागले. त्याने किती मुलांच्या रक्तातले शिसे उतरले, हे सांगता येणार नाही. त्यासाठी तपासण्या लागतात. एवढे मात्र दिसले, की त्या तरुण आईच्या दाराबाहेर सदऱ्यासाठी आता कायमची दोरी आहे. वस्तीतल्या सात बायकांनी तिसरा रकाना हातात घेऊन बॅटऱ्यांच्या जागेबद्दल अर्ज दिला आहे, आणि त्या पोचपावती घेतल्याशिवाय कचेरीतून हलल्या नाहीत. मुलगी आता नोकरी शोधते आहे.

वाचकहो, ही पुरवणी उद्या रद्दीत जाईल, ते ठीकच आहे. फक्त तिच्यात भजी बांधू नका आणि पोळ्याही गुंडाळू नका. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात आणि ते गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये बजावले होते आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावले. कोपऱ्यावरच्या भजीवाल्यालाही सांगा. सांगताना त्याच्या धंद्याचा मान राखा, आणि त्याने ‘मग बांधू कशात?’ असे विचारले तर उत्तर तयार ठेवा.